चुंबकीय नॅनोकणांची उष्णता आणि सिस्प्लॅटिन (कर्करोगाचं औषध): एकत्रित परिणाम का दिसत नाही?

पेशीघर: डेक्स्ट्रानचं आवरण असलेले मॅग्नेटाइटचे (चुंबकीय लोह ऑक्साइडचे) कण, २ मिग्रॅ लोह प्रति मिली. कण तापवणारं चुंबकीय क्षेत्र ३०० किलोहर्ट्झ, १५ किलोअँपिअर प्रति मीटर. हेला (मानवी कर्करोगाच्या) पेशी ४३ अंशांवर ३० मिनिटं तापवून २४ तासांनी सिस्प्लॅटिन. एमटीटी चाचणीत (जिवंत पेशी रंगावरून मोजतात) नुसत्या उष्णतेने ८० टक्के जिवंत, नुसत्या औषधाने ६०, दोन्ही मिळून ५०. औषध बदलून ५-एफयू (५-फ्लुओरोयुरासिल, कर्करोगाचंच दुसरं औषध) घ्यावं का?

रसायनी: औषध नको, वेळ बदला. ८० चे ६० टक्के म्हणजे ४८. तुमचे ५० सांगतात की दोघं आपापलं काम करताहेत, एकमेकांना मदत नाही. ४१ ते ४२.५ अंशांना बीआरसीए२ प्रथिन नष्ट होऊन डीएनएची दुरुस्ती काही तास अडते. सिस्प्लॅटिन डीएनएलाच इजा करतं, म्हणून ते तेव्हाच हजर हवं. २४ तासांनी दुरुस्ती पूर्ववत झालेली असते. तापवण्याच्या लगेच आधी घाला, तापतानाही राहू द्या, नंतर धुवा. ५-एफयूला उष्णतेची साथ फारशी मिळत नाही. दुसऱ्यांदा तापवायचं तर ४८ ते ७२ तास थांबा, एचएसपी७० (उष्णतेपासून वाचवणारं प्रथिन) वाढलेलं असताना पेशी उष्णता सोसतात.

आणि सिस्प्लॅटिन डीएमएसओ या द्रावकामध्ये विरघळवलंय का? त्यात ते निकामी होतं. ०.९ टक्के सलाइन घ्या.

पेशीघर: डीएमएसओच होतं. तापमान थर्मोकपलने (धातूच्या तारांच्या तापमापकाने) मोजलं.

कॉइलवाला: मग ४३ वर भरवसा नाही. थर्मोकपल क्षेत्रात स्वतःच तापतं. ऑप्टिकल फायबरचा प्रोब लागतो. ४२ अंशांची ३० मिनिटं परिणामात ४३ अंशांच्या जेमतेम साडेसात मिनिटांइतकी, त्यामुळे एका अंशाची चूकही महाग पडते. पाण्यात मोजलेली तापण्याची क्षमताही पेशींत गृहीत धरू नका, आत कणांच्या गुठळ्या होतात.

तुमचे ८० टक्केही तपासा. तपकिरी कण प्रकाश शोषतात, मेलेल्या पेशीही जिवंत मोजल्या जातात. पेशींविना नुसत्या कणांचा ब्लँक (वजा करायचा नमुना) ठेवा, फॉर्मॅझान (एमटीटीतून तयार होणारा रंग) विरघळल्यावर सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव नव्या प्लेटमध्ये घ्या. खात्री हवी तर वाचलेल्या पेशींपासून वाढणाऱ्या वसाहती मोजा, वेळ लागला तरी.

कंट्रोल: कणांविना क्षेत्र (कॉइलही नमुना तापवते), क्षेत्राविना कण, ४३ च्या वॉटर बाथमधल्या पेशी. प्रत्येक औषधासह आणि औषधाविना.

रसायनी: क्षेत्र आणि वारंवारतेचा गुणाकार ४.५ × १०⁹ अँपिअर प्रति मीटर-सेकंद येतो, शरीरासाठीच्या ५ × १०⁹ च्या सैल मर्यादेत, ४.८५ × १०⁸ ची जुनी मर्यादा नऊपट ओलांडलेली. प्लेटमध्ये चालेल, प्राण्यांवर जाताना आधी क्षेत्र कमी करा.