अनुभव धागा: गोष्ट सांगता सांगता आपला आवाज कसा घडतो?

सातारा-सांगली भागात कथाकथन, कीर्तन आणि लेखन करणाऱ्या व शिकवणाऱ्या मंडळींना एकच विचारलं होतं: नवशिक्याला स्वतःचा आवाज सापडावा म्हणून तुम्ही गोष्टीचा वापर कसा करता? आत्मकथा नको, रीत सांगा. आलेली उत्तरं खाली देत आहोत. भर घालत राहा.

कराड, लेखनवर्ग
आधी बोला, मग लिहा. एकच प्रसंग, समजा आठवडी बाजारातलं भांडण, तिघांना सांगायचा: घरातल्या वडीलधाऱ्याला, १०-१२ वर्षांच्या पोराला आणि आपलं गाव न पाहिलेल्या माणसाला. प्रत्येकी ५ मिनिटं, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवून. मग तिन्ही जसंच्या तसं कागदावर उतरवायचं. ५ मिनिटांचं बोलणं साधारण ५००-६०० शब्द भरतं. उतरवायचा कंटाळा येतो आणि बहुतेकांचं इथंच बिघडतं, कारण ते उतरवतानाच वाक्यं 'नीट' करतात. 'मग काय, गेला की तो' याचं 'त्यानंतर तो निघून गेला' होतं आणि जे शोधायचं होतं तेच पुसलं जातं. अडखळणं, 'म्हणजे', 'तर', सगळं राहू द्या.

आता दोन पेनं घ्या. तिन्ही वेळा सारखं आलं त्याखाली निळी रेघ, ऐकणाऱ्यागणिक बदललं त्याखाली लाल. निळ्यात तुमची सांगायची ढब दिसेल. कुणी शेवट आधी सांगून मागं जातो, कुणी माणसाच्या चेहऱ्याबद्दल अवाक्षर न काढता त्याची चाल सांगतो, कुणाला प्रत्येक व्यवहाराची रक्कम सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. ती जपा. लाल भाग ऐकणाऱ्यानं तुमच्याकडून काढून घेतलेला असतो. तोही लागतो, पण तो सरावानं येतो.

विटा
'आलतो, गेलतो, लई, कशापायी' पेरलं की आवाज आला, असं समजू नका. निवेदन कुठल्या भाषेत आणि संवाद कुठल्या, हे पहिलं पान लिहिण्याआधी ठरवा. एक चिठ्ठी करून समोर चिकटवा: 'न्हाई' लिहिणार की 'न्हाय', 'हाय' की 'आहे'. २०-२५ शब्द पुरतात. चिठ्ठी नसली की तेच पात्र चौथ्या पानावर वेगळं बोलायला लागतं. सगळी पात्रं एकाच गावची करू नका. जतकडच्या बोलण्याला कानडीचा हेल आहे, वाळव्याकडच्या बोलण्याला तो नाही. जी बोली कानावर पडलेली नाही ती उसनी आणू नये, तिथं साधी प्रमाण मराठी बरी.

तासगाव
'बागायतदार चिंतेत होता' हे वाक्य कुणीही लिहील. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झालेली, बाग फुलोऱ्यात आणि पावसाची झड लागलेली. गडी पहाटे बॅटरी घेऊन पानं उलटी करून बघतोय, कारण डाऊनी रोगाची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या अंगाला येते. चिंता हा शब्द न लिहिताही ती आली. सराव असा: माहितीतल्या एका कामाचे १० टप्पे लिहा, विशेषण एकही नको. मग बघा, कुठला टप्पा सगळ्यात लांबलाय. तुमचं लक्ष तिथं आहे, गोष्ट तिथूनच उचला.

सांगली
पुरावर लिहिणाऱ्यांसाठी एवढंच. इथं पूर फुटांत बोलतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ च्या वर गेलं. नुसता आकडा फेकला की बातमी होते. तो कुणाच्या तोंडी आहे ते ठरवा. 'त्रेचाळीस झालं' म्हणून माणूस पहिल्यांदा काय उचलतो, सिलिंडर, पोरांची दप्तरं की म्हशीचं दावं?

वाई, कीर्तन
नारदीय कीर्तनाची बांधणी शिकवायला फार चांगली. पूर्वरंगात पदावर किंवा अभंगावर निरूपण, उत्तररंगात तोच विचार धरून आख्यान. सरावाला निरूपण २ मिनिटं, आख्यान ८. उलटं झालं की उपदेश सुरू होतो. आख्यानात मधूनमधून मूळ ओळीवर यायचं आणि दर खेपेला ती नव्यानं कळली पाहिजे. नाही कळली तर दोन खेपांमधला मजकूर काढून टाका.

देवीच्या गोंधळात गोंधळ्याचा साथीदार मध्येच प्रश्न टाकतो, तसा एक जण समोर बसवा. त्यानं फक्त 'मग?', 'कुठं?', 'कशानं?' एवढंच विचारायचं. 'कशानं?'ला उत्तर सुचलं नाही, तर तिथं गोष्ट पोकळ आहे.

सातारा, शिक्षिका
कराडकरांचं पटतं, पण रेकॉर्डिंग पहिल्या दिवशी नको. फोन दिसला की लाजाळू मुलं वक्तृत्व स्पर्धेतलं बोलू लागतात. आधी हाताला काम द्या, शेंगा फोडायला बसवा. बोलणं आपोआप मोकळं होतं. आणि 'कशी वाटली?' असं कुणाला विचारू नका, सगळे 'छान' म्हणतात. ऐकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट परत सांगायला लावा आणि त्यानं गाळलेलं टिपून ठेवा.

पाचगणी
वाचनाचंही सांगते. जवळच भिलारला २०१७ पासून घराघरांत पुस्तकं ठेवली आहेत, बसून वाचता येतात. एकाच लेखकाची पुस्तकं सलग वाचू नका, तो तुमच्या पेनात उतरतो. एक कथा मोठ्यानं वाचा, श्वास तुटेल तिथं पेन्सिलीची रेघ मारा. मग आपल्या मजकुरावर तसंच करा. दोन्हीकडच्या रेघांमधलं अंतर सारखं येऊ लागलं, तर महिनाभर तो लेखक बाजूला ठेवा.