धक्कादायक निकाल: ड्रायव्हरची करामत की कावळा बसायला नि फांदी मोडायला?

पिटभिंत

फॉर्म्युला वनच्या २०२५ च्या ब्रिटिश ग्रां प्रीत निको हल्केनबर्ग १९व्या जागेवरून सुटून तिसरा आला. २३९वी शर्यत, पहिला पोडियम (पहिल्या तिघांतली जागा), आणि गाडी सॉबरची, म्हणजे २०२४ साली तळाला राहिलेल्या टीमची. तेव्हापासून जिकडे बघावं तिकडे एकच सूर: माणसात दम होताच, जगाला आत्ता कळलं.

मला हा सूर पटत नाही. हल्केनबर्ग चांगला ड्रायव्हर आहे, पण ते मला आधीची २३८ शर्यती बघून माहीत होतं. या एका तिसऱ्या क्रमांकाने त्यात काही भर पडत नाही. माझा मुद्दा एवढाच की ज्या निकालाने सगळे तोंडात बोट घालतात, तोच निकाल ड्रायव्हरबद्दल सर्वांत कमी सांगतो.

मॉन्झा २०२० घ्या. पिएर गॅसली दहाव्या जागेवरून सुटला. त्याने पिट स्टॉप (टायर बदलायचा थांबा) उरकला आणि लगेच मॅग्नुसेनची हास गाडी पिटच्या तोंडाशी बंद पडली. सगळ्यांना हळू चालवायला लावणारी सेफ्टी कार आली, पिट लेन बंद झाली. हॅमिल्टन ती बंद असतानाच आत शिरला आणि दहा सेकंदांच्या स्टॉप-गो शिक्षेला पात्र ठरला. बाकीचे पिट उघडल्यावर आत गेले तेव्हा गॅसली आपोआप वर सरकला. मग लेक्लर्क पॅराबोलिका वळणावर भिंतीत गेला, लाल झेंडा लागला, म्हणजे शर्यत थांबली. पुन्हा सुरुवात झाली तेव्हा गॅसली तिसरा उभा होता, आणि पुढच्या दोघांपैकी एकाला शिक्षा भोगायला जायचंच होतं. यात गॅसलीने नेमकं काय केलं?

दुसरं उदाहरण पास्टर माल्डोनाडो, स्पेन २०१२. हॅमिल्टनच्या गाडीत पात्रता फेरीनंतर इंधन कमी सापडलं, त्याला शेवटी ढकललं, पोल, म्हणजे सुटायची पहिली जागा, माल्डोनाडोला मिळाली. जिंकला. संपूर्ण कारकिर्दीत त्याचा हा एकमेव विजय, नव्हे, एकमेव पोडियम. याला 'लपलेली गुणवत्ता' म्हणायचं असेल तर ती पुन्हा लपली ती लपलीच.

ड्रायव्हर जोखायचा तर टीममेटशी जोखा, तोही अख्ख्या हंगामात.

ओलीसडक

धागाकर्ते, मॉन्झाची गोष्ट तुम्ही बरोबर अर्ध्यावर सोडलीत.

पुन्हा सुरुवात झाली तेव्हा पुढे स्ट्रोल होता. त्याची गाडी गॅसलीच्या गाडीपेक्षा वेगवान, आणि लाल झेंड्यात त्याने फुकटात टायरही बदलून घेतले होते. नशीब मोजायचं तर त्या दिवशी सर्वांत नशीबवान स्ट्रोल. गॅसलीने त्याला सुरुवातीलाच मागे टाकलं. हॅमिल्टन शिक्षेसाठी आत गेल्यावर पुढच्या पंचवीसेक लॅप गॅसलीसमोर मोकळा रस्ता होता आणि मागून कार्लोस सेन्झ येत होता. सेन्झची मॅक्लारेन त्या वर्षी कन्स्ट्रक्टर्समध्ये (टीमच्या गुणतक्त्यात) तिसरी, गॅसलीची अल्फाटौरी सातवी.

आता मॉन्झाला पुढे असणं म्हणजे काय ते बघा. सगळा सरळ रस्ता, पंख अगदी आडवे केलेले. पुढची गाडी हवा फोडत जाते, मागचीला आयता झोत मिळतो आणि सेकंदाच्या आत आली की वर डीआरएस (मागचा पंख उघडून वेग वाढवायची तेव्हाची सोय). इथे पुढे राहणं हा फायदा नाही, ओझं आहे. प्रत्येक शिकेनमधून (लागोपाठच्या उलटसुलट वळणांतून) गाडी नीट बाहेर काढायची, बॅटरी कुठे खर्च करायची आणि कुठे राखायची हे ठरवायचं, आणि एकदाही चाक घसरू द्यायचं नाही. शेवटी फरक राहिला ०.४१५ सेकंदांचा. एक ब्रेक उशिरा लागला असता तर सेन्झ जिंकला असता आणि तुम्ही हा धागा सेन्झवर काढला असता.

हो, आणि टीममेटचा निकष तुम्हीच दिलात. तीच गाडी घेऊन क्वियात नववा आला.

आकडेशास्त्री

पिटभिंत यांच्याशी सहमत, आणि त्यांच्या बाजूने याहून भक्कम उदाहरण आहे. लाँग बीच, १९८३. जॉन वॉटसन २२व्या जागेवरून सुटून जिंकला. फॉर्म्युला वनमध्ये इतक्या मागून कोणी जिंकल्याचं दुसरं उदाहरण आजवर नाही. ऐकताना अंगावर काटा येतो ना? आता दुसरा कोण आला ते बघा: निकी लाउडा, वॉटसनचाच टीममेट, सुटला होता २३वा!

दोन माणसांना एकाच दुपारी एकदम दैवी शक्ती प्राप्त झाली असं मानायचं का? मॅक्लारेनचे मिशेलिन टायर पात्रता फेरीच्या एका लॅपमध्ये तापत नव्हते, शर्यतीच्या लांब पल्ल्यात छान चालले. २२वी जागा खोटी होती, इतकंच. ज्याला आपण 'अफाट मुसंडी' म्हणतो ते पुष्कळदा खराब पात्रता फेरीचं व्याज असतं.

जुना खोंड

आकडेशास्त्री, वॉटसनचं उदाहरण देताना डेट्रॉइट १९८२ सोयीस्करपणे विसरलात. तिथे तो १७व्या जागेवरून जिंकला होता. तोही शहरातला रस्ता, तीही भिंतींमधली शर्यत. एकदा टायर, दुसऱ्यांदाही टायर? लाउडा महान होता हे सगळ्यांना मान्य, मग महान माणसाच्या पुढे राहून जिंकणारा तेवढा टायरच्या जिवावर?

आणि पावसाबद्दल कोणीच कसं बोललं नाही अजून. मोनॅको १९८४. टोलमनसारख्या गाडीत आयर्टन सेना १३वा सुटला आणि मुसळधार पावसात एकेकाला टिपत प्रोस्टच्या मागे येऊन ठेपला. प्रोस्ट हात हलवून शर्यत थांबवा म्हणून खुणावत होता. थांबवली. निकाल ३१व्या लॅपला धरला, सेना ७ सेकंदांनी मागे. पहिलंच वर्ष होतं त्याचं. त्या दिवशी ज्यांनी त्याला ओळखलं त्यांनी चूक केली का? पाऊस सगळ्या गाड्यांची ताकद निरुपयोगी करतो, उरतो तो माणूस.

(प्रोस्टला अर्धेच गुण मिळाले, ९ ऐवजी साडेचार. वर्षाअखेरीस जगज्जेतेपद लाउडाकडे गेलं ते अर्ध्या गुणाने. हे आठवलं की आजही हसू येतं.)

आकडेशास्त्री

@जुना खोंड, त्याच शर्यतीत श्टेफान बेलोफ २०वा, म्हणजे शेवटचा सुटून तिसरा येत होता. गाडी टायरेल, त्या ग्रिडवरचं (सुटण्याच्या रांगेतलं) एकमेव विनाटर्बो इंजिन. कोरड्यात दुबळं, पण ओल्यात ताकद झटक्याने येत नाही म्हणून चाकं कमी घसरतात. पाऊस 'माणूस' तेवढा उरवत नाही, तो दुसऱ्याच एका प्रकारच्या गाडीला वर आणतो.

जुना खोंड

बेलोफ कमी प्रतीचा होता असं सुचवायचंय का तुम्हाला? जर्मनीतल्या नॉर्डश्लायफे ट्रॅकवर १९८३ साली पोर्शमध्ये त्याने पात्रता फेरीत ६ मिनिटं ११ सेकंदांचा लॅप मारला होता. कोरड्यात.

कुंपणावरचा

दोघांनाही +१. सिल्व्हरस्टोनला, म्हणजे हल्केनबर्गच्या त्या ब्रिटिश शर्यतीत, करंडक लेगोच्या ठोकळ्यांचे होते. चौदा-पंधरा वर्षं वाट बघून माणसाला खेळणं मिळालं, यापेक्षा मोठं दुर्दैव दाखवा. चालू द्या.

तिसरा गिअर

कुठल्याही बाजूने वाद घालायचा तर बदली ड्रायव्हरांकडे बघावं. गाडी तीच, टीम तीच, फक्त माणूस बदलला. याहून स्वच्छ प्रयोग या खेळात होत नाही.

साखीर २०२०. हॅमिल्टनला कोविड झाला, विल्यम्सचा जॉर्ज रसेल मर्सिडीजमध्ये बसला. तोवर त्याच्या नावावर एकही गुण नव्हता. पाय मोठे, कॉकपिट हॅमिल्टनच्या मापाचं, म्हणून एक माप लहान बूट घालून चालवली. बोटासपेक्षा पात्रता फेरीत ०.०२६ सेकंदांनी मागे, शर्यतीत पहिल्या वळणापासून पुढे. मग सेफ्टी कारमध्ये टीमने घोळ घातला आणि बोटासचे टायर रसेलच्या गाडीला बसवले. परत बोलावून बदलावे लागले. त्यानंतर त्याने बोटासला ट्रॅकवर ओलांडलं, पुढे निघाला आणि टायर पंक्चर. नववा आला.

आता सांगा, त्या दिवसाचं मोठं आश्चर्य कोणतं? निकालाच्या कागदावर नववा क्रमांक दिसतो. पिटभिंत निकालाबद्दल बरोबर आहेत असं मी म्हणेन. कामगिरीबद्दल नाहीत. धक्कादायक निकाल आणि धक्कादायक कामगिरी यांत त्यांनी गल्लत केली आहे.

पिटभिंत

@तिसरा गिअर, प्रयोग आवडला. मग तोच प्रयोग मॉन्झा २०२२ ला लावा. अल्बनला अपेंडिसायटिस झाला, निक डी व्रिसला शनिवारी विल्यम्समध्ये बसवलं. शुक्रवारी हा माणूस अॅस्टन मार्टिन चालवत होता! पहिल्याच शर्यतीत नववा, दोन गुण, टीममेट लटिफी १५वा. सगळीकडे कौतुक. त्या एका दुपारच्या जोरावर त्याच्या नावाची चर्चा झाली आणि २०२३ साठी अल्फाटौरीत जागा मिळाली. दहा शर्यती, शून्य गुण, हंगामाच्या मध्यावर नारळ.

एका शर्यतीवरून माणूस जोखला की काय होतं ते हे. तुमचा प्रयोग स्वच्छ आहे, पण नमुना एकाचा आहे.

आणि त्याच साखीरला जिंकलेला पेरेझ? त्या विजयावर भाळून रेड बुलने त्याला घेतलं, पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

ओलीसडक

भाळून? पेरेझ २०२० च्या हंगामात चौथा होता, तेही कोविडमुळे दोन शर्यती हुकलेल्या असताना. तुम्ही म्हणता तसा 'अख्खा हंगाम' बघूनच घेतला. आणि साखीरला पहिल्याच लॅपमध्ये लेक्लर्कशी टक्कर होऊन तो शेवटच्या जागेवर गेला होता. तिथून एकेक गाडी ओलांडत, सेफ्टी कार यायच्या आधीच, दोन मर्सिडीजच्या मागे तिसरा पोचला होता. मर्सिडीजचा घोळ झाला हे नशीब, मान्य. पण तिसरा असलेल्यालाच पहिलं होता येतं. अठरावा असलेल्याच्या पदरात तो घोळ पडला नसता.

सिल्व्हरस्टोनलाही हेच. कोरडं होतंय असं वाटून काही जणांनी फॉर्मेशन लॅपनंतर (शर्यतीआधीच्या फेरीनंतर) स्लिक, म्हणजे कोरड्यातले टायर, घातले, त्यात हल्केनबर्गचा टीममेट बोर्टोलेटो होता. घसरला, गाडी मोडली, घरी. हल्केनबर्ग इंटरमीजिएटवर (हलक्या ओल्यातल्या टायरवर) राहिला, जोराचा पाऊस यायच्या जरा आधी नवे इंटरमीजिएट घेतले, स्ट्रोलला ट्रॅकवर ओलांडलं आणि शेवटी स्लिकवर हॅमिल्टनला फेरारीसकट मागे ठेवलं. यात एकही गोष्ट आकाशातून पडलेली नाही. फार तर म्हणा की निर्णयाचं अर्धं श्रेय पिटभिंतीवरच्या लोकांचं. तुमच्या नावाला जागून तेवढं तरी म्हणायचं!

आकडेशास्त्री

पावसाची, टकरींची, लाल झेंड्यांची उदाहरणं बाजूला ठेवू. कोरडी शर्यत घेऊ. स्पा २००९. जियानकार्लो फिसिकेला, फोर्स इंडिया, पोल. शर्यतीत रायकोनेनच्या मागे सेकंदाच्या आत दुसरा. तोवर या टीमला एकही गुण नव्हता. यावर खूश होऊन फेरारीने त्याला उचललं. फेरारीत उरलेल्या पाच शर्यतींत गुण किती? शून्य. आणि त्याने सोडलेल्या फोर्स इंडियाचं काय झालं? पुढच्याच मॉन्झाला त्याच गाडीत आड्रियान सुटिल ग्रिडवर दुसरा, शर्यतीत चौथा. म्हणजे करामत कोणाची होती? कमी अडथळ्याची गाडी, सरळ रस्त्यांचे दोन ट्रॅक. ज्याला त्या दोन आठवड्यांत ती मिळाली तो हिरो.

जुना खोंड

थांबा, थांबा. मॉन्झाचा सुटिल सांगितलात, स्पाचा सुटिल कुठे गेला? स्पाला तो त्याच टीममध्ये, त्याच गाडीत होता. ग्रिडवर अकरावा. शर्यतीत अकरावा. फिसिकेला पोलवर.

फेरारीचं म्हणाल तर ती २००९ ची फेरारी रायकोनेन सोडून कोणाच्या हाताला आली? फिसिकेलाच्या आधी मासाच्या जागी बाडोअरला बसवलं होतं, दोन्ही शर्यतींत पात्रता फेरीत शेवटचा. सराव नाही, चाचण्यांवर बंदी, हंगामाच्या मध्यात अनोळखी गाडी. त्यावरून स्पाचा शनिवार खोटा ठरत नाही.

पिटभिंत

जुना खोंड, मग मॉन्झाला फिसिकेला फेरारीत नववा आणि सुटिल फोर्स इंडियात चौथा, याचं तुमचं स्पष्टीकरण 'अनोळखी गाडी'. आणि स्पाला सुटिल अकरावा, याचं स्पष्टीकरण 'फिसिकेला भारी'. दरवेळी फिसिकेलाच्या बाजूने पडणारं नाणं कुठे मिळतं ते कळवा.

जुना खोंड

स्पाला दोघांची गाडी एक होती, मॉन्झाला वेगळी. टीममेटशी जोखा हे वर पहिल्याच पोस्टीत कोणी लिहिलंय, जरा स्क्रोल करून बघा.

तिसरा गिअर

आता बेअरमनवर कोणी बोलणार आहे का? जेद्दा २०२४, वय १८, एका सराव सत्रावर थेट फेरारी, सातवा, शेवटी ताज्या सॉफ्ट (मऊ, वेगवान) टायरवरचे नॉरिस आणि हॅमिल्टन मागे. ना पाऊस, ना लाल झेंडा.