दोन सिझेरियननंतर टमी टक (पोटाची लोंबणारी कातडी काढायचं ऑपरेशन) करावं का? निर्णय होत नाहीये

मानपाडाची_आई:
नमस्कार, मी ठाण्यात मानपाड्याला राहते, वय ३७, दोन्ही सिझेरियन, धाकटा आता साडेतीन वर्षांचा. वजन तसं फार वाढलेलं नाही पण टाक्यांच्या वर कातडीचा घोळ लोंबतो आणि संध्याकाळपर्यंत पोट एवढं पुढे येतं की लेडीज डब्यात बायका कितवा महिना विचारतात आणि उठून जागा देतात, आणि मला खरंच कळत नाही की बसू की खरं सांगू. साडी नेसणं सोडलंय. घोडबंदर रोडला एका क्लिनिकमध्ये जाऊन आले, तिथे सर्जन भेटलेच नाहीत, काउन्सेलर मॅडमनी फोटो दाखवले आणि म्हणाल्या याच आठवड्यात टोकन भरलं तर डिस्काउंट. नवरा म्हणतो तुला हवं असेल तर कर, सासूबाई म्हणतात दोन मुलांच्या आईचं पोट असंच असतं, धडधाकट शरीरावर सुरी कशाला. मला हे हवंय असं वाटतं पण ते माझ्यासाठी की त्या डब्यातल्या बायकांसाठी हेच ठरत नाही. तुम्ही कसं ठरवलंत?

नेरुळकर_ताई:
अगं मी केलंय, आणि मी खूश आहे, तरी आधी नीट ऐक. हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाही, मोठं ऑपरेशन आहे, पूर्ण भूल देतात. ओटीपोटावर कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत काप असतो. तो व्रण पँटीच्या रेषेत लपतो पण जात नाही, फिका पडायलाच वर्ष जातं. मला दोन्ही बाजूंना नळ्या होत्या, पाणी साठू नये म्हणून, पहिला आठवडा वाकूनच चालायचं, झोपायचं ते पण गुडघ्याखाली उशा घेऊन. नंतर दीड महिना बेल्ट, आपल्याकडच्या मे महिन्यात तर ऑपरेशन ठेवूच नकोस, मी दिवाळीनंतर केलं ते बरं झालं. नाभीखाली अजून हात लावला तर बधिर वाटतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही. म्हणजे तुझा साडेतीन वर्षांचा रडत आला तरी त्याला कडेवर घ्यायचं नाही. हे घरात कोण सांभाळणार ते आधी नावानिशी ठरव, "बघू करू काहीतरी" चालत नाही. माझी आई येऊन राहिली म्हणून निभावलं, नाहीतर मी केलंच नसतं. तिसरं मूल हवंय का तेही दोघांनी बोलून घ्या, कारण पुन्हा दिवस गेले तर पोट परत ताणलं जातं.

फिजिओ_वाशी:
संध्याकाळी पोट पुढे येतं म्हणालात म्हणून लिहितोय. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, डोकं थोडं उचला आणि नाभीच्या वर आणि खाली मधोमध बोटं दाबून बघा. दोन बोटांपेक्षा जास्त रुंद खड्डा लागला तर पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब गेलेत, त्याला डायस्टॅसिस म्हणतात, बाळंतपणानंतर खूप जणींना असतं. असं असेल तर यूट्यूब बघून क्रंचेस करू नका, पोट अजून फुगू शकतं. आतल्या स्नायूंचे व्यायाम वेगळे आहेत, ते काही महिने नीट केले तर पोट सपाट होऊ शकतं, पाठदुखी असेल तर तीही कमी होते. लोंबणारी कातडी मात्र कुठल्याच व्यायामाने जात नाही, ती फक्त ऑपरेशनने जाते, आणि त्याच वेळी सर्जन ते स्नायूही शिवून जवळ आणतात. खोकताना नाभीपाशी गाठ येते का? मग आधी सोनोग्राफी, हर्निया असू शकतो.

मानपाडाची_आई:
आत्ताच झोपून बघितलं, तीन बोटं सहज जातात!! मला आजपर्यंत वाटत होतं की मी आळशी आहे म्हणून पोट जात नाही. पाठ तर सतत दुखते. कुणी डॉक्टर बोललंच नाही कधी.

वर्तकनगर_६२:
मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते, निवृत्त झाले. बाळा, जिथे सर्जन न भेटता टोकन मागतात तिथे पैसे भरू नकोस. करणाऱ्याकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी हवी, "कॉस्मेटिक एक्स्पर्ट" अशी पाटी कुणीही लावतं. रजिस्ट्रेशन नंबर मागायचा आणि मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासायचा. भूल कोण देणार, रात्री काही झालं तर आयसीयू आहे का, हे तोंडावर विचार. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका या ऑपरेशनला असतो, ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं, आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी हा धोका वाढतो, म्हणून त्या चालू असतील तर लपवू नकोस. दुसरं मत घ्यायला सायन किंवा केईएमची प्लास्टिक सर्जरी ओपीडी आहे, रांग लागते पण तिथे कुणाला तुला काही विकायचं नसतं.

पैशाचं, मेडिक्लेम कॉस्मेटिकला देत नाही आणि वर जीएसटी लागतो. हर्निया निघाला तर त्याचा खर्च पॉलिसीच्या अटींप्रमाणे मिळू शकतो, तो कागद वेगळा करून घ्यायचा.

ऐरोलीकर:
माझ्या बहिणीबद्दल सांगतो. तिने आधी नाक केलं, छान झालं, मग हनुवटी, आता ओठ, आणि अजून आरशासमोरून हलत नाही, ऑफिसला दांड्या मारते. मानसोपचारतज्ज्ञांनी नाव सांगितलं, बॉडी डिस्मॉर्फिया, म्हणजे स्वतःच्या दिसण्यातला दोष सतत खुपत राहण्याचा आजार, यात ऑपरेशनने बहुतेकदा समाधान होत नाही. पहिल्या सर्जननेच विचारलं असतं तर एवढं झालं नसतं. तुमचं तसं वाटत नाही, तुम्हाला नेमकी एकच गोष्ट खुपतेय आणि ती खरंच आहे. तरी स्वतःला विचारा की दिवसातला किती वेळ हाच विचार डोक्यात असतो.

मानपाडाची_आई:
एवढं नाही दादा, फक्त ट्रेनमध्ये आणि फोटो काढताना. बहिणीला सांभाळा.

टोकन भरत नाहीये. आधी सोनोग्राफी, मग तीन-चार महिने फिजिओ, तोपर्यंत पोट कुठवर जातं ते बघते. कातडीचं तरीही मला हवंय हे आज लिहिताना कळलं, सासूबाई काहीही म्हणोत. पण धाकटा शाळेत रुळल्यावर, आणि आई दीड महिना येईल का ते विचारून. नेरुळकर ताई, तुमच्या सर्जननी नळ्या किती दिवसांनी काढल्या होत्या?

नेरुळकर_ताई:
दहाव्या दिवशी. काढताना दुखलं नाही फारसं. मेसेज कर, बेल्ट कुठला घ्यायचा ते पण सांगते.