काळी टेप कुठे लावाल?

घरात दिव्याखाली रोपं वाढवायच्या कापडी तंबूत बाहेरचा उजेड शिरू नये म्हणून शिवणीतल्या प्रत्येक भोकावर काळी इन्सुलेशन टेप लावा, असा सल्ला देतात; माझ्याकडे तो दोन महिनेही टिकला नाही. आतल्या उबेने डिंक सुटतो आणि टेप लोंबायला लागते. ॲल्युमिनियम फॉइलची टेप आतून लावलेली बरी, चिकटून राहते आणि प्रकाशही परावर्तित करते. भोकं शोधायला भर दुपारी दिवा बंद करून स्वतःच आत बसा, चेन बाहेरून कुणाला तरी लावायला सांगा (घरचे हसतील, हसू द्या). डोळे सरावायला दहा मिनिटं द्या, मग चांदणंच दिसतं.

माझ्या शेवंतीला कळ्या धरत नव्हत्या (त्यासाठी तिला रात्री सलग अंधार लागतो), पण दोष शिवणींचा नव्हताच. खालच्या हवेच्या जाळीतून खोलीतली ट्यूबलाइट रात्री अकरापर्यंत थेट आत पडत होती. ती जाळी बंद केली तर हवा बाहेर फेकणारा पंखा तंबूलाच आत ओढतो. म्हणून तिला आतून काळा केलेला, दोन वळणांचा पाइप जोडला. हवा येते, उजेड वळणावरच मरतो. पाइप मात्र रुंद घ्या. आणि तंबूत फक्त लेट्यूस किंवा टोमॅटो असतील तर एवढा खटाटोप कशाला? त्यांना रात्रीच्या किंचित उजेडाने फारसा फरक पडत नाही.