आजी-आजोबांसह परदेश: खोल्या आणि व्हीलचेअर

आजी-आजोबांसह परदेशी राहायला व्हिला घ्यावा की हॉटेल, या नेहमीच्या वादात एक गोष्ट राहून जाते. हॉटेल घेणार असाल तर ‘कनेक्टिंग’ आणि ‘शेजारच्या’ खोल्यांत गल्लत नको. मधलं दार फक्त पहिल्या प्रकारात असतं. बुकिंगवर ‘विनंतीनुसार’ असेल तर ती हमी नव्हे, लेखी खात्री मागा. व्हिलात तळमजल्यावर बेडरूम आहे का, हे फोटोवर न विसंबता विचारा.

व्हीलचेअर विमान कंपनीकडे उड्डाणाच्या निदान ४८ तास आधी नोंदवा आणि बुकिंगवर मदतीचा कोणता कोड टाकलाय ते तपासा: डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढता येतात, डब्ल्यूसीएचएस म्हणजे येत नाहीत, डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत न्यावं लागतं. कोड चुकला आणि एरोब्रिज (टर्मिनलमधून थेट विमानात नेणारा पूल) नसला की बिझनेस क्लासचं तिकीट असूनही आजोबा शिडीखाली अडकतात. औषधं मूळ वेष्टनात, केबिन बॅगेतच.