अंतराळ पर्यटन: वीस वर्षं झाली, तिकीट स्वस्त व्हायचं सोडून महागच का होतंय?

हिशेबनीस

नवी वस्तू आधी श्रीमंतांच्या घरी येते, मग भाव उतरतो आणि ती आपल्यापर्यंत पोचते, असं आपण धरूनच चालतो. अंतराळ पर्यटनाबद्दलही हेच ऐकत आलोय. काल बसून नुसते भाव एकाखाली एक लिहून काढले.

२००१ मध्ये डेनिस टिटो रशियाच्या सोयुझ यानातून अंतराळ स्थानकावर गेले, साधारण २ कोटी डॉलर मोजून. २००९ मध्ये गी लालिबर्ते गेले तेव्हा आकडा साडेतीन कोटींच्या घरात होता. २०२२ मध्ये ॲक्सिअम या खासगी कंपनीने स्थानकावर नेलेल्या मोहिमेत एका खुर्चीचे साडेपाच कोटी. पृथ्वीला फेरी न मारता नुसतं वर जाऊन खाली येण्याचंही तेच. व्हर्जिन गॅलेक्टिकचं तिकीट आधी २ लाख डॉलर, मग अडीच, २०२१ मध्ये साडेचार, नंतर ६ लाख. महागाई वजा करून बघा, तरी चढच दिसतो.

माझं म्हणणं असं की पर्यटकाला मिळते ती उरलेली खुर्ची. लालिबर्तेंनंतर बारा वर्षं सोयुझमधून एकही पर्यटक गेला नाही. कारण साधं आहे. २०११ मध्ये अमेरिकेची माणसं नेणारी शटल यानं बंद झाली, नासालाच सोयुझच्या खुर्च्या हव्या झाल्या आणि शेवटी शेवटी एका खुर्चीला ९ कोटी डॉलर मोजले गेले. दारात असं गिऱ्हाईक उभं असताना हौशी माणसाला कोण विचारतो? ज्या बाजारात भाव दुसराच कोणीतरी ठरवतो, त्याला 'लक्झरी मार्केट' म्हणणं मला पटत नाही.

धूमकेतू

साफ असहमत. १ जानेवारी १९१४ ला फ्लोरिडात जगातली पहिली नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली. सेंट पीटर्सबर्ग ते टॅम्पा, २३ मिनिटं, प्रवासी एक. त्या पहिल्या तिकिटाचा लिलाव झाला, ४०० डॉलरला गेलं. नेहमीचं भाडं होतं ५ डॉलर. तेव्हाही कोणीतरी म्हणालंच असेल की ही श्रीमंतांची थेरं आहेत. २०२१ मध्ये ब्लू ओरिजिनच्या पहिल्या मानवी उड्डाणातल्या खुर्चीचा लिलाव २.८ कोटी डॉलरला गेला, त्याकडे मी याच नजरेनं बघतो. विमानाला स्वस्त व्हायला काही दशकं लागली. इथे वीस वर्षांत निकाल कसला लावताय?

निळावंती

@धूमकेतू, उदाहरण तुमचं, पण साक्ष आमच्या बाजूने. ती विमानसेवा चार महिन्यांत बंद पडली. थंडीतले पाहुणे परतले आणि प्रवासी संपले.

आणि मुख्य फरक म्हणजे ते विमान माणसाला खाडीपलीकडे नेऊन सोडत होतं. बोटीचे दोन तास वाचत होते. वाचलेल्या वेळेला गिऱ्हाईक कायम मिळतं. ब्लू ओरिजिनचं न्यू शेपर्ड यान उडायचं टेक्सासमधून आणि दहा-अकरा मिनिटांनी उतरायचं टेक्सासमध्येच! हा प्रवास नाही, अनुभव आहे, आणि अनुभव माणूस बहुधा एकदाच विकत घेतो. दुसऱ्यांदा जाणारं गिऱ्हाईक नसेल तर धंदा दरवेळी नव्या अब्जाधीशावर चालवायचा. चार्ल्स सिमोनी दोनदा स्थानकावर जाऊन आले, मान्य. पण असे किती?

फुकटफौजदार

चर्चा गंभीर आहे, पण माझ्या खिशाचा हिशेब वेगळा निघाला.

सहा लाखांच्या तिकिटात भारहीनता मिळते तीन-चार मिनिटं. चार धरा. मिनिटाला दीड लाख डॉलर. त्यातही पट्टा सोडायचा, खिडकीशी जायचं, परत खुर्चीत येऊन पट्टा लावायचा. ॲक्सिअमचे साडेपाच कोटी ठरलेल्या १० दिवसांवर वाटले तर मिनिटाला ३,८०० च्या आसपास. शिवाय हवामानामुळे परतीला उशीर होत होत ती मंडळी १७ दिवस राहिली, म्हणजे आणखी स्वस्त पडलं. थोडक्यात काय, परवडत नसेल तर साडेपाच कोटींचंच घ्या.

आणि २०१९ मध्ये नासाने स्थानकाचं दरपत्रक काढलं होतं ते जरूर बघा. श्वासाची हवा, पाणी वगैरे आणि शौचालय मिळून माणशी दिवसाला ११,२५० डॉलर. वीज युनिटला ४२ डॉलर. डेटा जीबीला ५०. पुढे २०२१ मध्ये दर आणखी वाढवले. घरमालक सगळीकडे सारखेच.

जुना खगोलप्रेमी

हसू आलं, पण या दोन तिकिटांची तुलनाच होत नाही, आणि अर्थकारणाचं मूळ तिथेच आहे. न्यू शेपर्डचा कमाल वेग ताशी साधारण ३,६०० किमी. स्थानकासारखं पृथ्वीभोवती कक्षेत राहायचं तर ताशी २८,००० हवेत. वेग आठपट, ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे साठपट. उतरताना तीच ऊर्जा उष्णता होऊन अंगावर येते, म्हणून उष्णतारोधक कवच लागतं. दहा मिनिटांच्या फेऱ्या कितीही स्वस्त झाल्या तरी कक्षेचं तिकीट त्यातून स्वस्त होत नाही. एका शिडीच्या या दोन पायऱ्या नव्हेतच.

धूमकेतू

ऊर्जेचं मान्य. पण इंधन हा रॉकेटच्या खर्चातला लहान वाटा असतो. खरा पैसा जातो फेकून दिलेल्या यंत्रात. स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटचा पहिला टप्पा आता परत उतरतो, त्यावरून माणसं नेणारं ड्रॅगन यान पुन्हा वापरलं जातं. दुसरा टप्पा अजून दरवेळी वाया जातो. तोही परत आणता आला की भाव उतरणारच.

आणि हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेच्या पैशाचा उपयोग असतो. टिटो गेले तेव्हा रशियाचा अंतराळ कार्यक्रम पैशासाठी तळमळत होता. नासा नको म्हणत होती, रशियाने नेलं. २०२१ ची इन्स्पिरेशन४ ही खासगी प्रवाशांची मोहीम घ्या. त्या निमित्ताने मुलांच्या कर्करोग रुग्णालयासाठी २० कोटी डॉलरहून जास्त जमले.

हिशेबनीस

देणगी रॉकेट न उडवताही देता येते, असो.

फाल्कन स्वस्त झालं ते उपग्रह आणि सरकारी कामांच्या जोरावर. ड्रॅगनमधून माणसं नेण्यासाठी नासाने स्पेसएक्सला २०१४ मध्ये २६० कोटी डॉलरचं कंत्राट दिलं. गाडी बांधली करदात्याने, हौशी मंडळी तीच भाड्याने घेतात. म्हणूनच म्हटलं, उरलेली खुर्ची. आणि ॲक्सिअमचं गिऱ्हाईक बघा कसं बदललं. पहिल्या मोहिमेत खिशातून पैसे भरणारे तिघं. २०२५ च्या चौथ्या मोहिमेत भारत, पोलंड, हंगेरी यांचे अंतराळवीर. अब्जाधीशांपेक्षा सरकारं बरी, असं कंपनीलाही कळलेलं दिसतं.

निव्वळ पर्यटकांवर उभी असलेली कंपनी बघायची तर व्हर्जिन गॅलेक्टिक. २०२३ मध्ये, व्यावसायिक उड्डाणं सुरू झाली त्याच वर्षी, उत्पन्न ६८ लाख डॉलर, तोटा ५० कोटी. रुपयाला चौऱ्याहत्तर रुपये तोटा म्हणा ना. २०२४ च्या जूनमध्ये त्यांनी ते एकमेव यान निवृत्त केलं.

धूमकेतू

तो तोटा नव्या यानांच्या बांधणीचा आहे, तिकिटांचा नाही. जुन्या यानात प्रवासी चार, उड्डाण फार तर महिन्याला एक. नव्यात सहा जण आणि फेऱ्या कितीतरी जास्त असं नियोजन आहे. कारखाना बांधत असताना दुकानाचा गल्ला मोजून काय मिळणार?

निळावंती

नियोजन २००४ पासून ऐकतोय हो. तिकिटं विकून माणसं वर जायला १९ वर्षं लागली. मध्ये २०१४ मध्ये चाचणीत एक वैमानिक गेला.

एक खर्च अजून कोणी मांडलाच नाही. अमेरिकेत प्रवाशाच्या सुरक्षेसाठी नियम करायला सरकारी यंत्रणेला २००४ पासून कायद्यानेच मनाई आहे, मुदत वाढत वाढत २०२८ वर आली. प्रवासी धोका समजून घेतल्याची सही करतो आणि बसतो. उद्या विमानासारखे नियम लागू झाले तर ६ लाखांचा भावही टिकणार नाही.

फुकटफौजदार

त्या २.८ कोटींच्या लिलावाचं पुढे काय झालं ते राहिलंच. बोली जिंकणाऱ्याला त्या दिवशी दुसरं काम निघालं! त्याच्या जागी १८ वर्षांचा एक मुलगा जाऊन आला. विजेते जस्टिन सन गेले ते चार वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये. हिशेबनीस, तुमच्या उरलेल्या खुर्चीत हा मुलगा धरायचा की नाही ते तुम्हीच सांगा.