पदवीला गुण कमी पडले. अमेरिकेत वैद्यकीय प्रवेशासाठी मुलीने पुढे काय करावे?

एडिसनवासी:

नमस्कार. माझ्या मुलीने गेल्या मे महिन्यात न्यू जर्सीतील एका विद्यापीठातून जीवशास्त्राची पदवी घेतली. तिचा एकूण जीपीए (चारपैकी सरासरी गुणांक) ३.०५ आणि विज्ञान विषयांचा जीपीए २.८० आहे. दुसऱ्या वर्षी तिच्या वडिलांची हृदयशस्त्रक्रिया झाली. त्या वर्षी तिला ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या दोन्ही सत्रांत सी आणि फिजिक्सच्या एका सत्रात डी मिळाला. शेवटच्या वर्षी मात्र बहुतेक विषयांत तिला बी प्लस किंवा ए मायनस आहे. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, म्हणजे एमकॅट, तिने अजून दिलेली नाही. सध्या ती एका हृदयरोगतज्ज्ञांकडे स्क्राइब (तपासणीच्या नोंदी लिहिणारी) म्हणून काम करते आणि तेथील कामात तिचे मन रमले आहे.

महाविद्यालयातील सल्लागारांनी तिला दुसरे क्षेत्र पाहण्यास सांगितले. आमच्या परिचयातील एक गृहस्थ कॅरिबियन बेटांवरील वैद्यकीय महाविद्यालयात जानेवारीची जागा लगेच मिळवून देतो म्हणतात आणि या महिन्यातच अनामत भरण्याचा आग्रह धरतात. सांगलीला असलेला माझा भाऊ तिला भारतात एमबीबीएसला पाठवा, असे सांगतो. एक वर्षाची खास मास्टर्स पदवी, जिला येथे एसएमपी म्हणतात, तिच्याविषयीही आम्ही ऐकले आहे. मुलीची जिद्द खरी आहे. तिला चुकीच्या वाटेने पाठवायचे नाही आणि उगाच अडवायचेही नाही. ज्यांना या प्रक्रियेची आतून माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

क्लीव्हलंडकर:

नमस्कार ताई. मी इंटर्नल मेडिसिनचा (प्रौढांच्या आजारांचा) डॉक्टर आहे आणि काही वर्षे एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेश समितीवर अर्ज वाचण्याचे काम केले आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

प्रथम गणित पाहा, कारण पुष्कळ कुटुंबे ते न करताच निर्णय घेतात. मुलीचे पदवीचे १२० क्रेडिट (विषयांचे भारांक) धरले आणि तिने पुढे आणखी ३० क्रेडिटमध्ये सर्वत्र ए मिळवला, तरी एकूण जीपीए ३.०५ वरून ३.२४ पर्यंतच जातो. विज्ञानाचे ६० क्रेडिट धरले तर तेवढ्याच अभ्यासाने २.८० चा ३.२० होतो. एम.डी. (ही येथील मूळ वैद्यकीय पदवी) महाविद्यालयांत प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांची सरासरी ३.७५ च्या वर असते, त्यामुळे केवळ सरासरी वर ढकलून ती तेथे पोहोचणार नाही. तरीही ते ३० क्रेडिट करावेत असे मी आग्रहाने सांगतो, आणि त्याचे कारण अर्जाच्या रचनेत आहे. एम.डी.साठीच्या सामाईक अर्जसेवेत, म्हणजे एएमकॅसमध्ये, गुण एका आकड्यात गुंडाळलेले नसतात. पहिले वर्ष, दुसरे वर्ष, तिसरे, चौथे आणि पदवीनंतर घेतलेले पदवीस्तरावरील विषय अशा वेगवेगळ्या ओळी असतात, आणि प्रत्येक ओळीत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व गणित यांचा जीपीए इतर विषयांपासून वेगळा मांडलेला असतो. अर्ज वाचणाऱ्याची नजर त्या ओळींवरून वरून खाली जाते. दुसऱ्या वर्षी २.४, चौथ्या वर्षी ३.५ आणि त्याखाली पदवीनंतरच्या ओळीत ३० क्रेडिटला ३.९ असे दिसले, की समितीत चर्चा सुरू होते. हीच ओळ रिकामी असेल तर पुष्कळ ठिकाणी अर्ज चर्चेपर्यंत येतच नाही.

म्हणून पहिली पायरी एसएमपीची नसून पोस्ट-बॅकची, म्हणजे पदवीनंतर पुन्हा पदवीस्तरावरील विषय घेण्याची आहे, आणि हा फरक नीट समजून घ्यावा. एसएमपी ही पदव्युत्तर पदवी असल्यामुळे तिचे गुण वेगळ्या ओळीत जातात आणि पदवीच्या जीपीएला मुळीच हात लावत नाहीत. तेथे बहुधा वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचेच विषय, काही ठिकाणी तर त्याच विद्यार्थ्यांबरोबर शिकावे लागतात. जॉर्जटाउनचा असा अभ्यासक्रम १९७० च्या दशकापासून चालू आहे आणि नावाजलेला आहे. उत्तम गुण मिळाले तर त्याचा प्रभाव मोठा पडतो. पण तेथे बी मायनस आणि सी मिळाले, तर वैद्यकीय अभ्यास झेपत नाही याचा पुरावा आपण स्वतःच समितीच्या हाती देतो आणि त्यानंतर सावरायला जागा उरत नाही. ज्याच्या पदवीच्या शेवटच्या वर्षांत सलग ए आहेत आणि एमकॅटही चांगली झाली आहे, त्यानेच त्या वाटेला जावे. तुमच्या मुलीची आज ती तयारी दिसत नाही. वर्षभराने कदाचित दिसेल.

पोस्ट-बॅकसाठी महागड्या, नावाजलेल्या कार्यक्रमाची गरज नाही. ब्रिन मॉरसारखे प्रसिद्ध कार्यक्रम तर ज्यांनी पदवीला विज्ञान घेतलेच नव्हते त्यांच्यासाठी आहेत. जवळच्या चार वर्षांच्या विद्यापीठात तिने बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, सेल बायोलॉजी, इम्युनॉलॉजी, जेनेटिक्स यांपैकी पूर्वी न घेतलेले वरच्या पातळीचे विषय घ्यावेत. सुरुवात दोन विषयांनी करावी आणि ते ए आले तरच पुढच्या सत्रात भार वाढवावा. नोकरीचे तास त्या काळात कमी करता आले तर अवश्य करावेत.

एमकॅटविषयी एवढेच सांगतो की ती घाईने देऊ नये. गुणांची पट्टी ४७२ ते ५२८ अशी आहे, मध्य ५०० च्या आसपास येतो आणि एम.डी.ला प्रवेश घेणाऱ्यांची सरासरी ५११ ते ५१२ असते. जीपीए कमी असलेल्याला या परीक्षेतून अधिक मिळवावे लागते. आयुष्यात सात वेळा आणि एका वर्षात तीन वेळा देता येते हे खरे, परंतु प्रत्येक गुण महाविद्यालयाला दिसतो. बायोकेमिस्ट्री पूर्ण झाल्यावर, सराव परीक्षांत अपेक्षित गुण सलग मिळू लागल्यावरच तारीख घ्यावी.

डी.ओ. (ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) या येथील दुसऱ्या वैद्यकीय पदवीच्या महाविद्यालयांचा विचार पहिल्या दिवसापासून करावा. तेथे प्रवेश घेणाऱ्यांची सरासरी साधारण ३.६ आणि एमकॅट ५०३-५०४ च्या आसपास असते. आपल्या लोकांत या पदवीविषयी अजून गैरसमज आहेत. डी.ओ. हे पूर्ण अधिकार असलेले डॉक्टर असतात, आणि २०२० पासून रेसिडेन्सीची (पदवीनंतरच्या रुग्णालयातील प्रशिक्षणाची) मान्यता एम.डी. व डी.ओ. या दोघांसाठी एकच झाली आहे. तुमच्या घराजवळ स्ट्रॅटफर्ड, फिलाडेल्फिया, हार्लेम आणि लाँग आयलंड येथे अशी महाविद्यालये आहेत. एक जुना सल्ला मात्र तुमच्या कानावर येईल, तो मानू नका: विषय पुन्हा घेतला की डी.ओ.च्या अर्जात जुना गुण पुसला जातो, असे अनेक जण अजूनही सांगतात. ती सवलत २०१७ मध्ये बंद झाली. आता दोन्ही अर्जसेवांत जुना आणि नवा असे दोन्ही गुण धरले जातात.

लान्सिंगकर:

काकू, मी मिशिगनमध्ये डी.ओ.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझाही पदवीचा जीपीए तुमच्या मुलीच्या जवळपासच होता. वरील प्रतिसादातील सर्व मुद्दे मला पटतात, म्हणून त्यात जे आलेले नाही तेवढेच लिहिते.

वडिलांच्या आजारपणाविषयी अर्जात लिहावे, पण मुख्य निबंधाचा तो विषय करू नये. तो निबंध ५३०० अक्षरांत बसवायचा असतो आणि त्यात डॉक्टर का व्हायचे याचेच उत्तर असावे. घसरलेल्या गुणांचा उल्लेख दोन-तीन वाक्यांत व्हावा: काय घडले, त्याचा अभ्यासावर काय परिणाम झाला आणि त्यानंतर काय बदलले. पुढे महाविद्यालयांकडून जे दुय्यम अर्ज येतात, त्यांत अनेकदा शैक्षणिक अडचणींविषयी स्वतंत्र प्रश्न असतो आणि सविस्तर स्पष्टीकरणाची जागा ती आहे. माझ्या मुलाखतीत एका प्राध्यापिकेने माझे गुणपत्रक समोर ठेवून ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या सी वर बोट ठेवले आणि विचारले, "त्या वेळी तू अभ्यास कसा करत होतीस आणि आता कसा करतेस?" मी सांगितले की पूर्वी मी टिपणे पुन्हा पुन्हा वाचत असे, आता व्याख्यान झाल्याच्या दिवशीच कोऱ्या कागदावर सर्व आठवून लिहिते, अडलेले प्रश्न घेऊन प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जाते आणि जुने प्रश्नसंच वेळ लावून सोडवते. पुढची दहा मिनिटे त्यांनी केवळ याच विषयावर प्रश्न विचारले. तुमच्या मुलीलाही या प्रश्नाचे उत्तर नेमके देता आले पाहिजे, आणि त्यासाठी अभ्यासाची पद्धत आत्ताच बदललेली हवी.

शिफारसपत्रे पोस्ट-बॅकच्या प्राध्यापकांकडून घ्यावीत, म्हणजे अलीकडची प्रगती पाहणारी व्यक्तीच ती लिहील. स्क्राइबचे काम उत्तम आहे, ते सोडू नये. त्याच्या जोडीला रुग्णाशी स्वतः बोलावे लागेल असे काहीतरी तिने दीर्घकाळ करावे. मी हॉस्पिसमध्ये (अखेरच्या टप्प्यातील रुग्णांच्या शुश्रूषागृहात) आठवड्यातून एक संध्याकाळ जात असे. तिथल्या एका आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवणे एवढेच माझे काम होते, आणि ते वाचन पुढे कित्येक महिने चालले. डी.ओ.साठी अर्ज करायचा असेल तर एखाद्या डी.ओ. डॉक्टरांबरोबर शॅडोइंग (सोबत राहून त्यांच्या कामाचे निरीक्षण) करून त्यांचे पत्रही मिळवावे. काही महाविद्यालये ते मागतात.

टँपाकर:

ताई, कॅरिबियनच्या बाबतीत मी स्वतः त्या वाटेने आलेला आहे आणि आज फ्लोरिडामध्ये फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी करतो आहे. त्यामुळे ती वाट अशक्य आहे असे मी म्हणणार नाही. परंतु अनामत या महिन्यात भरू नका.

तेथे वर्षातून दोन किंवा तीन वेळा तुकड्या भरतात, त्यामुळे जानेवारीची जागा गेली तरी पुढची मिळतेच. घाई जागा देणाऱ्याची असते. खरा प्रश्न प्रवेशाचा नसून रेसिडेन्सीचा आहे. २०२४ च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, अमेरिकेतील एम.डी. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ९३ टक्के आणि डी.ओ.पैकी सुमारे ९२ टक्के जणांना जागा मिळाली, तर परदेशी महाविद्यालयांतून शिकलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी सुमारे ६७ टक्के जणांना. या ६७ टक्क्यांत तेच लोक मोजलेले आहेत जे शेवटपर्यंत टिकले आणि मॅचमध्ये उतरले. पहिल्या दोन वर्षांत नापास होऊन किंवा कंटाळून घरी परतलेली मुले या हिशेबात कुठेच येत नाहीत, आणि माझ्या तुकडीत अशी मुले बरीच होती. त्यांच्या डोक्यावर कर्ज राहिले आणि हातात पदवी नाही. शिवाय जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलईच्या (येथील डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेच्या) पहिल्या टप्प्याला आकड्यांत गुण नाहीत, केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा निकाल लागतो. पूर्वी आमच्यासारख्यांना त्या आकड्यावर स्वतःला सिद्ध करता येत असे, ती संधी आता दुसऱ्या टप्प्यापुरतीच राहिली.

येथील एम.डी. आणि डी.ओ. महाविद्यालयांना पूर्ण तयारीनिशी अर्ज करूनही प्रवेश मिळाला नाही, तरच या पर्यायाकडे यावे. तेव्हाही महाविद्यालयाला लेखी प्रश्न विचारावा: प्रवेश घेतलेल्या शंभरपैकी किती जण ठरलेल्या मुदतीत पदवीधर झाले? उत्तर टाळले गेले तर पुढे जाऊ नये.

कोथरूडकर:

भारताच्या पर्यायाविषयी थोडक्यात लिहितो. आपली मुलगी अमेरिकन नागरिक असून तिच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असेल असे धरतो. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय विद्यार्थ्यांना वैद्यकीय प्रवेश फक्त एनआरआय किंवा अधिसंख्य (मंजूर संख्येपेक्षा जादा) जागांवर मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती अधिसूचना पुढील काळापुरतीच लागू ठरवली, म्हणून कार्ड त्या तारखेपूर्वीचे आहे की नंतरचे हे आधी पाहावे. नीट मात्र कोणालाच चुकत नाही, आणि अकरावी-बारावीच्या भौतिक, रसायन व जीवशास्त्रावरची ती परीक्षा अमेरिकेत शिकलेल्या मुलांना नव्याने अभ्यासावी लागते. त्यानंतर साडेचार वर्षे शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, आणि अमेरिकेत परतायचे तर परदेशी पदवीधर म्हणून पुन्हा यूएसएमएलई. मुलीला पुढे भारतातच राहायचे असेल तर हा मार्ग योग्य आहे. अमेरिकेत व्यवसाय करायचा असेल तर तो लांबचा आहे.

एडिसनवासी:

सर्वांचे मनापासून आभार. अनामत भरायची नाही असे आम्ही कालच ठरवले. दोनच शंका उरतात. फिजिक्समधील डी आणि ऑर्गॅनिकमधील सी हे विषय पुन्हा घ्यावेत का? आणि खर्चाचे नियोजन करताना काय ध्यानात ठेवावे?

क्लीव्हलंडकर:

डी असलेला विषय पुन्हा घ्यावाच लागेल, कारण बहुतेक महाविद्यालये आवश्यक विषयांत किमान सी मागतात. ऑर्गॅनिकचे दोन्ही सी तसेच राहू द्यावेत. त्याच विषयात दुसऱ्यांदा मिळालेल्या ए पेक्षा त्यावरच उभ्या असलेल्या बायोकेमिस्ट्रीतील ए अधिक बोलका असतो. एक सत्र फिजिक्स आणि फिजिऑलॉजी, पुढच्या सत्रात बायोकेमिस्ट्री आणि आणखी एक विषय, असा क्रम मला योग्य वाटतो. गुण कसे येतात ते पाहून एमकॅटचा महिना ठरवावा आणि अर्ज मे महिन्याच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला, खिडकी उघडताच पाठवावा. प्रवेश जसे जसे भरत जातात तशा मुलाखतीच्या जागा कमी होतात, म्हणून सप्टेंबरमधील चांगला अर्जही मागे पडतो. या वर्षीच्या जूनपर्यंत सर्व तयार झाले नाही तर एक वर्ष थांबावे. अर्धवट तयारीने केलेला अर्ज फेटाळला गेला, तर पुढच्या वेळी त्याच महाविद्यालयाला मधल्या काळात काय बदलले ते दाखवावे लागते.

कर्जाचे नियम २०२५ च्या कायद्याने बदलले आहेत. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणासाठीचे संघराज्याचे कर्ज मिळणार नाही. वैद्यकीय पदवीसाठी संघराज्याचे कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलर, तर इतर पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्षाला २०,५०० डॉलर अशी मर्यादा आहे. अनेक खासगी महाविद्यालयांचा वर्षाचा खर्च ५०,००० च्या बराच वर जातो, त्यामुळे महाविद्यालयांची यादी करताना प्रत्येकाचा संपूर्ण वार्षिक खर्च शेजारी लिहावा आणि राज्यातील सार्वजनिक महाविद्यालयांना प्राधान्य द्यावे. ती राज्यातील रहिवाशांना झुकते मापही देतात. पोस्ट-बॅकचे विषय स्क्राइबच्या पगारातून एकेक सत्र करत भरता आले तर पुढील कर्जाची जागा मोकळी राहील. मुलीने पहिल्या सत्राचे विषय निश्चित केले की ते येथे लिहावेत, मी पाहून सांगेन.